मोठ्या बाईंचं माप

सोमवार, ४ तारीख

मला पद मिळालं. सत्तराव्या वर्षी! आमच्या घरात पद मिळालेली मी पहिलीच. आमच्या ह्यांना एकदा एका सभेत पुढची खुर्ची मिळाली होती, पण ती दुसऱ्याची निघाली आणि त्यांना उठवलं.

काल चर्चमध्ये उपासना संपल्यावर पाळकसाहेबांनी सगळ्यांसमोर सांगितलं, आजारी-भेट मंडळात एक जागा रिकामी आहे, ती आपण आजींना देऊ. कोणत्या आजींना म्हणून मी मागं वळून बघितलं. मागं भिंत होती.

मग मंडळाच्या अध्यक्षीणबाईंनी नियम सांगितले. आजाऱ्याजवळ पंधरा मिनिटं बसायचं. बायबलातलं एक वचन वाचायचं, एक प्रार्थना करायची. खायला मागायचं नाही. भेटीची नोंद ठेवायची. खायचं सांगताना त्या नेमक्या माझ्याकडेच का बघत होत्या, कोण जाणे. नोंदीसाठी नातीकडून ही वही मागून घेतली. पण मी चौथीपर्यंत शिकलेली असले तरी एकदा लिहायला लागले की थांबत नाही, बोलण्यासारखंच आहे ते. मंडळाला दुसरी पातळशी वही देईन. ही माझी.

आता माझं काम सांगते. चर्चच्या मागच्या गल्लीत शवपेट्या करणारा सुतार आहे. त्याच्याकडे तीस वर्षं मी पेटीतल्या गाद्या शिवते. वरून पांढरं साटीन, कडेनं झालर, आत पिंजलेला कापूस. कापसातली सरकी न सरकी बोटांनी चाचपून काढते. सुतार म्हणतो, "आजी, त्यांना काय टोचणार आहे?" मी म्हणते, "तुझ्या गादीत मूठभर ठेवते, मग ये सांगायला."

तेव्हा मेलेल्या माणसांची मला सवय आहे. ती गप्प असतात आणि मी बोलत असते, दोघांचं छान जमतं. जिवंत आजाऱ्याशी कसं जमेल ते बघू.

गुरुवार, ७ तारीख

नाक कापलं. माझं नाही, माझं काय मुळातच बसकं आहे. मंडळाचं.

आज आम्ही पाचजणी मोठ्या बाईंकडे गेलो. त्या पूर्वी मुलींच्या शाळेच्या हेडमास्तरीण होत्या. माझी लेक त्यांचा ओरडा खाऊनच मोठी झाली. पाच महिन्यांपूर्वी जिन्यावरून पडल्या, तेव्हापासून कमरेखाली काही हलत नाही. सतत उताणं पडून पाठीला जखम झालीय. लोखंडी खाट, भिंतीला पुस्तकांचं कपाट, आणि औषधाचा वास लपवायला लावलेली उदबत्ती. दोन्ही वास येत होते.

अध्यक्षीणबाईंनी सुरुवात केली, "बाई, देव आपल्या माणसांचीच परीक्षा घेतो."

"मी चाळीस वर्षं परीक्षा घेतल्या," मोठ्या बाई म्हणाल्या. "पेपर काढणाऱ्यानं आधी शिकवायचं असतं."

मग सगळ्यांनी घाईघाईनं डोळे मिटले. प्रार्थना लांबली. माझेही डोळे मिटलेले होते, शपथ! पण हात मोकळे होते. तीस वर्षांचे हात, त्यांना कोण सांगणार? खाटेच्या कडेनं निघाले. एक वीत, दोन वीत, तीन… लांबी झाली, खांद्याची रुंदी घ्यायला हात आडवा गेला आणि बाईंच्या दंडाला लागला.

"काय करतेस ग?"

"काही नाही, बाई."

"माझं माप घेतेस?"

प्रार्थना थांबली. दहा डोळे माझ्यावर. खोटं बोलायला वेळच मिळाला नाही. मी म्हटलं, "सवय आहे हो. माणूस आडवं दिसलं की हात जातोच."

मग बाई हसायला लागल्या. खाटेचे गज वाजायला लागले इतक्या हसल्या. स्वयंपाकघरातून त्यांची सून हातात डाव घेऊन धावत आली, तिला वाटलं झटका आला.

खाली उतरताना अध्यक्षीणबाई म्हणाल्या, "आजी, तुम्ही पुढच्या वेळी फुलं धरून उभ्या राहा. दोन्ही हातांनी."

शुक्रवार, ८ तारीख

बाईंची सून सुताराच्या दुकानात आली. म्हणाली, "आजी, आईंनी निरोप दिलाय. मंडळानं येऊ नये. गादीवालीला पाठवा."

गादीवाली म्हणजे मी! नातीला सांगितलं, माझ्या सुनेला सांगितलं, दूधवाल्यालाही सांगितलं. सुतार म्हणाला, "बघा, गिऱ्हाईक स्वतः बोलावतंय." मी त्याला गज फेकून मारला. कापड मोजायचा गज म्हणजे. लागला नाही.

मंगळवार, १२ तारीख

एकटीच गेले. मी आत पाय ठेवायच्या आधीच बाईंनी अटी घातल्या.

"प्रार्थना नाही. वचन नाही. 'देवाची इच्छा' म्हणालीस तर ही काठी बघ, आता चालायला उपयोगाची नाही, पण फेकता येते."

"मग मी करू काय, बाई?"

"मला माप दे. म्हणजे गुरुवारी घेतलेलं. किती भरलं?"

मी सांगितलं. लांबी सात वीत, खांदे नजरेच्या अंदाजानं दोन वीत.

"बरं झालं कुणीतरी खरं बोललं. सगळे येतात आणि म्हणतात, उठाल हो, चालाल. डॉक्टरसुद्धा छताकडे बघून बोलतो. तू माझ्याकडे बघून माप घेतलंस." मग म्हणाल्या, "माझी गादी आत्तापासून शिवायला घे. घाईत शिवलेली मला चालणार नाही."

मी खूष. आजवर एकाही गिऱ्हाइकानं आवड सांगितली नव्हती. झालर बारीक की मोठी, उशी उंच की सपाट, सगळं विचारून घेतलं. उशी सपाट हवीय.

सून टपाल कचेरीत खिडकीवर बसते. सकाळी नर्स येऊन जखम बांधते, दहाला सून निघते, पाचला परत. मध्ये बाई एकट्या. हाताशी जेवणाचा डबा ठेवलेला असतो. मऊ भात, भाजी, उकडलेलं अंडं, थर्मासात सूप. बाई म्हणाल्या, "मला भूक नाही. तू खा. डबा भरलेला दिसला की तिला वाईट वाटतं."

मी एकदा नको म्हटलं. दोनदा म्हणायला हवं होतं, पण अंड्यावर मिरपूड घातलेली होती. आणि नियम मोडला नाही. मागायचं नाही असा नियम आहे. मी मागितलं नाही.

रविवार, १७ तारीख

गुडघा धरलाय. तरी उपासनेला गेले, कारण पाळकसाहेबांना दोन गोष्टी विचारायच्या होत्या.

एक, प्रभूला कबरेत ठेवलं तेव्हा खाली गादी होती का? बाईंनी विचारलं होतं. म्हणाल्या, "तुझ्या देवाच्या पाठीची तर चाबकानं सालं निघाली होती. त्याला कुणी मऊ काही दिलं का?" मला धंद्यातलं असून माहीत नव्हतं, शरम वाटली.

पाळकसाहेब म्हणाले, "तागाचं कापड होतं, आजी. सुगंधी द्रव्यं होती. गादीचं कुठं लिहिलेलं नाही. शब्बाथ, म्हणजे विसाव्याचा दिवस, लागत होता, घाई होती." म्हणजे दगडावरच. घाईचं काम असं असतं.

दुसरं, प्रार्थना न करता आजाऱ्याला भेटलं तर ती भेट धरतात का? पाळकसाहेब तरुण आहेत, लगेच लाल होतात. इकडे तिकडे बघून म्हणाले, "आजाऱ्याला भेटायचं सांगितलंय. काय बोलायचं ते सांगितलेलं नाही. मलाही बाईंसमोर काय बोलावं कळत नाही, आजी. म्हणून मी महिनाभर गेलोच नाही."

एवढा शिकलेला माणूस! मी त्यांच्या पाठीवर थोपटलं. नंतर लक्षात आलं, झग्यावर खडूचे डाग पडले. कापड बेतायचा खडू, माझ्या बोटांना कायमचाच असतो.

मंगळवार, १९ तारीख

रोज जाते. पंधरा मिनिटांचे तीन तास होतात. मी बोलते, बाई टोमणे मारतात. माझ्या लग्नाची गोष्ट सांगितली, त्यात त्यांनी सात चुका काढल्या.

दर खेपेला त्या म्हणतात, "माप घे." आज खांदे दोन वीत नाहीत, दोन बोटं कमी भरले. मी म्हटलं, "बाई, कापड वाचेल." त्यांनाही बरं वाटलं, मान हलवली.

डबा फार छान असतो. ती मुलगी पहाटे उठून करते म्हणे. रात्री नातीनं माझ्या ब्लाउजचं हूक लावायला दोन्ही हात लावले. म्हणाली, "आजी, आजारी कोण आणि अंगी लागतंय कुणाच्या?"

फाजील कार्टी. पण हसले मी.

शुक्रवार, २२ तारीख

आज जे झालं ते लिहावंसं वाटत नाही. लिहिते.

बाईंची सून दुपारी सुट्टी काढून दुकानात आली. स्टुलावर बसली. म्हणाली, "आजी, नर्स रागावली आज. आईंची जखम भरत नाही, उलट खोल चाललीय. म्हणते, पोटात अन्न जात नसेल तर मांस कुठून भरणार? असंच चाललं तर हाडापर्यंत जाईल, आणि मग आपल्या हातात काही राहणार नाही. मी म्हटलं, अहो डबा तर रोज रिकामा असतो." मग माझ्याकडे बघून म्हणाली, "तुम्ही समोर असता. आई जेवतात ना?"

मी गादीला टाका घालत होते. बाईंच्याच.

"हो," मी म्हटलं. "जेवतात की."

ती गेली. मी सुई कापसात खुपसली आणि बसून राहिले. अंडी मोजली. आठ. आठ अंडी, आठ दिवसांचा भात, सगळं सूप. तीस वर्षं माणसं मापते मी, चार बोटांचा फरक नजरेनं ओळखते, आणि एक बाई माझ्यासमोर दिवसेंदिवस अरुंद होत गेली तर मी म्हणते कापड वाचेल!

आजारी-भेट मंडळाची सभासद. आजाऱ्याला भेटली आणि त्याचं जेवण जेवून आली. वर सुनेला खोटं सांगितलं, लाजेपायी. अध्यक्षीणबाई निदान वचन वाचून घरी जातात.

सोमवार, २५ तारीख

शनिवार-रविवार सून घरी असते. तिच्यासमोर बाई दोन घास खातात आणि पोट दुखतं म्हणतात. आज ती गेल्यावर मी गेले.

बाई म्हणाल्या, "डबा तिकडे आहे."

"तुम्ही खा."

"भूक नाही."

"बाई, मी अडाणी आहे, आंधळी नाही. म्हणजे होते, शुक्रवारपर्यंत."

त्या छताकडे बघत राहिल्या. मग वर्गात सांगावं तसं सरळ सांगितलं, "माझा मुलगा बोटीवर असतो, वर्षातून एकदा येतो. ही पोर रात्री दोनदा उठून मला कुशीवर वळवते. पहाटे स्वयंपाक, दिवसभर खिडकी, संध्याकाळी माझं सगळं. तिला तिशीत पांढरे केस आलेत. मी विष घेत नाहीये. नुसतं खात नाहीये. लवकर आटपलं तर तिची सुटका होईल. तुला काय करायचंय? गादी शिव."

डब्याचं झाकण पुन्हा घट्ट लावलं. मी नुसतं म्हटलं, "मग मीही खात नाही. इथंही नाही, घरीही नाही. तुम्ही खाल तेव्हा."

"तू?" बाई हसल्या. "तुला दुपारी तीनपर्यंतसुद्धा धीर निघायचा नाही."

पावणेतीनलाच डोळ्यांपुढे अंडं दिसायला लागलं. मग चहाचा विचार केला. चहा जेवणात धरतात का? धरत नाहीत, असं मी ठरवलं. घरी जाऊन दोन कप घेतले. मग तिसरा. डबा मात्र भरलेलाच ठेवून आले आहे. सुनेला दिसला असेल. दिसू दे.

मंगळवार, २६ तारीख

रात्री सुनेनं, माझ्या सुनेनं, ताट वाढलं. मी म्हटलं, पोट बिघडलंय. नातीनं कपाळाला हात लावला. एवढ्यात कुणी माझी इतकी काळजी केली नव्हती, तेवढंच एक चांगलं झालं.

गादी पुरी झाली होती. सकाळी काखेत मारून निघाले तर सुतार आडवा आला. "आजी! ती पेटीची गादी आहे. जिवंत माणसाखाली घालणार?"

"तूच म्हणतोस ना, मेलेल्याला टोचत नाही? मग जिला टोचतंय तिला नेते."

तो बाजूला झाला. वर कापसाचं एक पोतं स्वतः उचलून जिन्यापर्यंत आणून दिलं.

नर्स अजून तिथंच होती. आम्ही दोघींनी बाईंना कुशीवर वळवलं, जुनी गोळे झालेली गादी काढली. पहिल्यांदाच मी ती जखम पाहिली. तिच्याबद्दल लिहीत नाही. जखमेवर भार येऊ नये म्हणून कुठं उसवायचं, कुठं भरायचं, नर्स बोटानं दाखवत गेली, मी तिथंच बसून शिवत गेले. पोटरीखाली भर घातली, टाचा अधांतरी राहिल्या. सगळी झालर कापून टाकली, ती रुतते.

"माझी गादी बिघडवलीस," बाई म्हणाल्या. पण मग बराच वेळ डोळे मिटून पडल्या, आणि कपाळावरची आठी गेली.

डबा तसाच. मीही तशीच. दुपारी मला खुर्ची जरा फिरल्यासारखी वाटली.

"जा घरी. जेव," बाई म्हणाल्या. "तुला काय वाटतं, तू उपाशी राहिलीस म्हणून मला देव भेटेल?"

"देवाचं नाव तुम्ही काढलंत. काठी कुणाला मारायची?"

त्यांनी काठीकडे बघितलं. मी म्हटलं, "बाई, प्रभू वधस्तंभावर होता तेव्हा शहाणी माणसं खालून सल्ले देत होती. खाली उतर म्हणत होती. दोन-चार बायका मात्र नुसत्या उभ्या होत्या. त्यांना काही करता आलं नाही, त्या काही बोलल्याचंही मला आठवत नाही. उभ्या होत्या. माझा गुडघा धरलाय, मला उभं राहता येत नाही. मी बसते."

हे मी कुठून बोलले, मलाच कळलं नाही. भुकेनं माणूस हुशार होत असावं. बाईंनी तोंड भिंतीकडे केलं.

बुधवार, २७ तारीख

आज जिना चढताना तीनदा थांबले. खुर्चीत बसले, एवढं आठवतं. मग एकदम बाईंचा आवाज, शाळेतला, पटांगणभर जायचा तसला, "डोळे उघड! गादीवाली! उघड डोळे म्हणते ना!"

उघडले. मी खुर्चीत कलंडले होते. बाईंनी खाटेवरून हात लांबवून माझा पदर मुठीत धरला होता, पडू नये म्हणून. त्यांच्या हाताच्या शिरा अशा ताणल्या होत्या.

"खा काहीतरी, भवाने! माझ्या खोलीत मरायचं नाही."

"तुम्ही आधी."

"हटवादी बाई आहेस."

"तुमच्याच शाळेत लेक होती माझी. घरी शिकवायची."

त्यांनी पदर सोडला नाही. मग म्हणाल्या, "ते सूप दे इकडे. तुझ्यासाठी घेतेय. गैरसमज नको."

मी थर्मासाचं झाकण उघडलं. निम्मं सांडलं. पहिला घोट त्यांनी घेतला, दुसरा मी, असं आळीपाळीनं. अंडं दोऱ्यानं अर्धं केलं. शिवणकाम करणारीजवळ दोरा असतोच. अर्धं त्या खात होत्या तेव्हा मी बघत नव्हते, बघितलं तर थांबतील म्हणून. कपाटातल्या पुस्तकांकडे बघत होते. वाचता येत होती ती सगळी वाचली, नावं.

खाऊन झाल्यावर बाई तोंड पुसून म्हणाल्या, "सूप खारट आहे. आणि भात गिच्च. तिला सांग, ह्याला जेवण म्हणत नाहीत."

गुरुवार, २८ तारीख

आज पाचपर्यंत थांबले आणि बाईंची सून आली तेव्हा तिला जिन्यातच गाठलं. सगळं सांगून टाकलं. तुझे आठ डबे मी खाल्ले, तुला खोटं बोलले, मंडळातून मला काढलं तरी हरकत नाही. ती ऐकत होती की नाही कळलं नाही. तिनं कालचा रिकामा डबा पाहिला होता, पण तोही मीच खाल्ला असेल असं आता तिला वाटलं असणार.

"आज आणि काल त्यांनी स्वतः खाल्लं," मी म्हटलं. "आज माझ्यापेक्षा दोन चमचे जास्त."

तिचा विश्वास बसला नाही. म्हणाली, "आजी, तुम्ही मला बरं वाटावं म्हणून सांगता. मागंही तसंच सांगितलंत."

तेही खरंच होतं. मग मला बाईंचा निरोप आठवला. तो सांगावा की न सांगावा, ती बिचारी पहाटे उठून करते. पण निरोप तो निरोप. सांगितला. "त्या म्हणाल्या, सूप खारट आहे, भात गिच्च झालाय, आणि ह्याला जेवण म्हणत नाहीत."

तर ती पोर जिन्याच्या पायरीवर मटकन बसली आणि तोंडावर ओढणी धरून रडायला लागली. माझं तोंडच वाईट! मी तिच्याशेजारी बसले, म्हटलं, "अग, जरासंच खारट होतं. मला तर आवडलं."

ती रडता रडता हसायला लागली. "पुन्हा सांगा," म्हणाली. "भाताला काय म्हणाल्या?"

"गिच्च."

"आणि शेवटचं?"

मला तीनदा सांगायला लावलं तिनं. शेवटचं तर मोठ्या बाईंच्या आवाजात म्हणून दाखवायला लावलं. मग उठून डोळे पुसले आणि धावतच वर गेली. आजकालच्या मुलींना स्वतःच्या स्वयंपाकाची निंदा एवढी का ऐकावीशी वाटते, देव जाणे.